पूल नसलेली नदी

आमच्या किल्ल्यावर महाराज नसायचे, आणि त्यावरून दर दिवाळीत चाळीत वाद व्हायचा. बाकीच्या पोरांचे किल्ले कसे शहाण्यासारखे असत. कुणाचा सिंहगड, कुणाचा प्रतापगड. एका महत्त्वाकांक्षी पोरानं एकदा जंजिरा काढला होता आणि त्याच्या समुद्रासाठी आईचं धुण्याचं घमेलं पळवलं होतं. प्रत्येक किल्ल्यावर कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे, वर सिंहासन, सिंहासनावर महाराज. आमच्याही किल्ल्यावर सिंहासन होतं, पण रिकामं. खाली नदी होती आणि नदीवर पूल नव्हता.

हे सगळं दादाचं डोकं. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. एरंडवण्यातल्या एका बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील सरकारी कचेरीत, आई घरी, आणि आम्ही दोघं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून आला की दादा दप्तर भिरकावून अंगणाच्या कोपऱ्यात विटा रचायला बसायचा. विटांवर दगड, दगडांवर चिखलात बुडवलेली पोती, पोत्यांवर मी फेकलेले अळीव. इथवर सगळ्यांचे किल्ले सारखेच. पुढे दादा कुठूनतरी पत्र्याची जुनी पन्हळ आणायचा, ठोकून ठोकून वाकवायचा, किल्ल्याभोवती चिखलात बसवायचा आणि तिच्यात पाणी सोडायचा. त्या पाण्यात करवंटीची होडी. होडीत एकच मावळा, ज्याची तलवार मोडून दादानं त्याला नावाडी केलं होतं.

समोरच्या खोलीत एक निवृत्त मास्तर राहायचे. ते रोज संध्याकाळी काठी टेकत पाहणीला यायचे.

"हा कुठला किल्ला म्हणायचा? इतिहासात तर दिसत नाही."

"इतिहासाला अजून सापडलेला नाही," दादा हात न थांबवता म्हणायचा.

"आणि गादीवर कोण?"

"यायचेत."

मास्तर मग आमच्या वडिलांकडे वळायचे. "चिरंजीव पुढे जाणार हो तुमचे. कुठे, ते मात्र विचारू नका."

त्या किल्ल्याला नाव नव्हतं. दादा सांगायचा, नदीपलीकडे कुणालाच नाव नव्हतं, कारण नावाड्याला पैसे चालायचे नाहीत. नदी ओलांडायची तर आपलं नाव त्याच्या हवाली करायचं. तो ते पिशवीत टाकायचा आणि परतीच्या वेळी पिशवीत हात घालून काढून द्यायचा. क्वचित त्याची गल्लत व्हायची. समोरच्या मास्तरांना म्हणे दुसऱ्याच कुणाचं नाव मिळालंय, ते त्यांना काखेत टोचतं, म्हणून ते सारखे खेकसतात. हे ऐकून मी हसून हसून चिखलात बसले होते आणि नव्या परकराचं वाटोळं झालं म्हणून आईचा मार खाल्ला होता.

पलीकडे काय काय होतं म्हणून सांगू! नदी सकाळी एका दिशेनं वाहायची आणि दिवेलागणीला उलटी फिरून घरी यायची. जगात जे जे हरवतं ते तिथे जाऊन पोचायचं. वडिलांची छत्री, माझी एका पायाची चप्पल, आईच्या मंगळसूत्रातला मणी. एक म्हातारी राणी होती, ती या वस्तू पुसून, ऊन देऊन ठेवायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "तुझं का रे हे?" या सगळ्यात माझं काम एकच, विचारायचं. "पलीकडे कोण कोण आहे रे, दादा?" म्हटलं की गाडी सुरू. मी विचारलं नाही तर तो सांगायचा नाही. म्हणायचा, "तू विचारतेस तेव्हाच मला दिसतं." मी फुशारून जायचे. शाळेत गणितात भोपळा आणि घरी एका राज्याची किल्ली माझ्या हातात!

दादा कॉलेजात गेला, मिसरूड फुटलं, तसा चिखल सुटला. सांगणं सुटलं नाही. संध्याकाळी आम्ही टेकडीवर जायचो आणि उतरताना तो सांगायचा. हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. आता मला विचारावं लागत नव्हतं. मी विचारलं नाही तरी तो सांगायचा. मी मैत्रिणीबद्दल बोलत असले, तरी मध्येच थांबून मान वळवायचा, कुणी हाक मारल्यासारखा.

शेवटच्या वर्षाला त्यानं कॉलेज सोडलं आणि आतल्या खोलीत बसायला लागला. खिडकी बंद, दार लोटलेलं. आतून पुटपुटल्याचा आवाज. कधी हसण्याचा.

दुसऱ्या कुठल्या गावात आईबापांनी पोराला डॉक्टरकडे नेलं असतं. देवऋषाकडे तरी नेलं असतं. पण आम्ही पडलो पुण्याचे. आमच्या वडिलांनी निदान केलं, "तो लिहितोय."

झालं! घरात कर्फ्यू लागला. आईनं भांडी अंगणात नेऊन घासायला सुरुवात केली, खडखडाट नको म्हणून. मी गाणं म्हटलं तर वडील बोटानं गप्प करायचे. चहा दाराशी ठेवायचा, टकटक करायची नाही, तंद्री मोडते. वडिलांनी कचेरीतून येताना कोऱ्या कागदांचं रीम आणलं. दादानं त्याला हातसुद्धा लावला नाही, तर म्हणाले, "मोठे लेखक आधी डोक्यात रचतात. कागद शेवटी." शेजारपाजारचेही दबक्या पावलांनी जायला लागले. मास्तर, ज्यांना उभ्या आयुष्यात कुणाचं कौतुक करताना कुणी पाहिलं नव्हतं, ते खिडकीपाशी थांबून हळूच म्हणाले, "कादंबरी दिसते. कवितेला एवढा वेळ लागत नाही." दादाची दाढी वाढली, तर लेखकच तो. अंघोळ करीना, तर लेखकच तो. जेवताना ताटाकडे बघून, "हे नावाड्यानं पाठवलंय का?" असं विचारलं, तेव्हा आई माझ्याकडे बघून अभिमानानं हसली. "पात्रांत पार बुडालाय गं," म्हणाली. जवळजवळ वर्षभर आम्ही एका आजारी मुलाला अशी शांतता पुरवत होतो. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. कुणावर चिडू? सगळे प्रेमानंच वागत होते, त्यालाच मेलं काय करायचं!

मग पावसाळा आला. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला बुटका पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोलीस दोन्हीकडे दोर बांधतात आणि निम्मं पुणं कामधंदा सोडून पाणी बघायला जातं. त्या दिवशी सकाळी आमचा दूधवाला सायकल टाकून धावत आला. "तुमचा थोरला नदीवर उभा हाय. दोराच्या पल्याड. लोक बोलावत्यात, ऐकंना."

वडील कचेरीत गेले होते. आई शेजाऱ्यांना हाका मारायला लागली. मी तशीच धावले, अनवाणी.

दादा पाण्याच्या कडेला उभा होता. पूल दिसत नव्हता, नुसतं तांबडं पाणी उसळत होतं. त्याच्या पायजम्याला पाण्याची जीभ लागत होती. एक हवालदार दोराच्या अलीकडून त्याला समजावत होता. मला बघून म्हणाला, "तुमचा माणूस का? अहो, नाव विचारलं तर म्हणतो, दिलं. कुणाला दिलं? आम्हाला तर नाही दिलं. जवळ गेलं की पुढे सरकतो. आपण बोला काहीतरी."

 हवालदाराला कळलं नव्हतं, पण मला कळलं होतं. नाव देऊन झालं होतं. आता फक्त होडीची वाट बघणं चाललं होतं, आणि होडी आली नाही तर तो चालत निघाला असता. मी दोराखालून गेले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. हात धरला नाही.

"दादा, आज होडी नाही यायची. पाणी फार आहे."

"येईल," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही येत. मला नावाडी भेटला होता. त्यानं तुझं नाव माझ्याजवळ परत दिलंय."

आता त्यानं मान वळवली. "तुझ्याजवळ? तो असं कुणाजवळ देत नाही."

"मी मागितलं. दिलं नाही, तेव्हा भांडले."

"तू भांडलीस त्याच्याशी?"

"चांगली कडाकडा भांडले."

तो हसला. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघून हसला. "मग दिलं असेल," म्हणाला, आणि माझ्यामागून दोराखालून बाहेर आला. हवालदारानं कपाळाचा घाम पुसला. घरी आल्यावर दादानं उंबऱ्यातच तळहात पुढे केला, नाव मागितलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तसं मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याचं नाव सांगितलं. तो आत गेला आणि झोपला. आणि मग मी जी रडले, ती आईला आवरेना.

दुसऱ्याच दिवशी वडिलांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते, कमी बोलायचे. महिनाभर दादा त्यांच्या इस्पितळातच राहिला, गोळ्या सुरू झाल्या. सोडताना डॉक्टरांनी मला वेगळं बोलावलं.

"नदीवर तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. त्यानं जीव वाचला. पण पुन्हा नाही. तो किल्ला, ती नदी, यातलं अक्षर घरात निघता कामा नये. विशेषतः तुमच्या तोंडून. तुम्हीच तिथे त्याच्या सोबतीला असाल, तर तो इकडे येणार कशाला?"

पटलं मला. आजही पटतं. मी तोंडाला कुलूप घातलं. त्याही दिवाळीला अंगणाचा कोपरा रिकामाच राहिला. मास्तर आपले काठी टेकत आले, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच एक शब्द न बोलता परत गेले.

दादा बरा झाला. अगदी खरंच बरा झाला. एका शाळेच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, गोळ्या चुकवायचा नाही. अंगानं सुटला. बोलणं हळू झालं. कुणी काही विचारलं की आधी थोडा थांबायचा, मग नेमकं तेवढंच उत्तर द्यायचा. लग्न केलं नाही, पण आईवडिलांचं शेवटपर्यंत सगळं त्यानंच केलं. नातेवाईक म्हणायचे, "काय हो सुधारला! देव पावला." पावलाच. मी नाही म्हणत नाही. पण मला माझा दादा हवा होता. हा जो होता तो सज्जन होता, सरळ होता, माझ्या सासरच्या प्रत्येक कार्याला इस्त्रीचा शर्ट घालून हजर असायचा, आणि मला त्याच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही. ज्या गोळ्यांनी माझा भाऊ परत आणला त्यांना मी मनातून हात जोडायचे, आणि ज्यांनी नेला त्यांना शिव्या घालायचे. गोळ्या त्याच.

भाऊबीजेला मी ओवाळायचे. तो ओवाळणी टाकायचा, साडी द्यायचा, रंग दरवर्षी मोरपंखी. मग आम्ही बोलायचो. दूध महागलं. रस्त्यात खड्डे पडलेत. वारज्याला फार वस्ती झाली. मी वारज्याला राहायला गेले होते, तेव्हा तो विषय बरीच वर्षं पुरला. माझ्या जिभेच्या टोकावर एकच प्रश्न असायचा, आणि मी करंजी तोंडात कोंबायचे.

माझी मुलगी लहान असताना तिनं हट्ट धरला, मामानंच किल्ला करून द्यायचा. मी घाबरले. पण दादा म्हणाला, "करू की. कुठला हवा?" सोसायटीच्या आवारात त्यानं विटा रचल्या, पोती भिजवली. हात तेच होते हो! पोतं झटकायची लकब तीच. मी जिन्यात उभी राहून बघत होते. सिंहगड झाला, फार सुबक झाला. माची, बुरूज, तळं, सगळं जिथल्या तिथे. वर सिंहासन, सिंहासनावर महाराज. पोरीनं खालच्या चिखलात बोटानं एक रेघ ओढली. "मामा, इथे नदी करूया?"

दादाचा हात थांबला.  मी मनात म्हणत होते, नको रे देवा, आणि त्याच दमात म्हणत होते, कर, कर, एकदाच कर.

"सिंहगडाला नदी नाही," तो म्हणाला, आणि ओल्या मातीनं ती रेघ बुजवली.

मी घरात गेले आणि नळ सोडून रडले, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. वेडा भाऊ बरा झाला म्हणून रडणारी बहीण पुण्यात मी एकटीच असेन.

तो निवृत्त झाला आणि काही वर्षांत त्याची मूत्रपिंडं थकली. मी त्याला माझ्या घराजवळच्या इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. रक्तात विष साचतं, ते डोक्यात चढतं, माणसं ओळखू येईनाशी होतात. तसंच झालं. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तर तो मला म्हणाला, "या बसा. कुणाकडे आलात आपण?"

"तुझ्याकडेच."

"असं का? बरं झालं. इथे कुणी येत नाही." मी रोज दोन्ही वेळा जात होते.

मी त्याला चमच्यानं पेज भरवली, तोंड पुसलं. खिडकीतून ऊन येत होतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. आणि माझ्या मनात आलं, आता कशाची राखण करतेय मी? तो इकडे यावा म्हणून गप्प राहिले होते. आता तो इकडेही राहिला नव्हता. एकदा, जायच्या आधी एकदा तरी त्याचा तो आवाज ऐकायचा होता मला. मी वाकून त्याच्या कानाशी गेले. इतक्या वर्षांनी जीभ जड झाली होती.

"पलीकडे कोण कोण आहे रे, दादा?"

त्यानं थोडा विचार केला. "पलीकडे एक्स-रे," म्हणाला. "डाव्या हातानं जा. रांग असते मात्र."

मला हसू फुटलं आणि लगेच रडू. आता काय मागे फिरते! त्यानं सांगितलं नाही, तर मी सांगायला बसले. रिकामी गादी सांगितली. संध्याकाळी उलटी फिरून घरी येणारी नदी सांगितली. नावाडी, त्याची पिशवी, पिशवीतली नावांची गल्लत. म्हातारी राणी छत्र्यांना ऊन देते ते सांगितलं. मला त्याच्यासारखं कुठलं जमायला? मी आपली अडखळत, मागचं पुढे करत सांगत होते. पण तो ऐकत होता. लहान पोरासारखे डोळे मोठे करून ऐकत होता. मास्तरांच्या काखेत नाव टोचतं, हे आलं तेव्हा तर खुदकन हसला. मी थांबले, तर म्हणाला, "पुढे?" मी आणखी सांगितलं. होतं नव्हतं ते सगळं सांगितलं.

सांगून संपलं तशी त्यानं उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "फार छान आहे हो. तुम्ही रचलंत?"

"नाही. माझ्या दादानं."

"काय डोकं आहे!" तो म्हणाला. "मला नाही असलं सुचत. मी आपला कारकून माणूस. भाग्यवान आहात तुम्ही, असा भाऊ मिळाला."

"हो," मी म्हटलं.

"कुठे असतात ते? पुण्यातच?"

"पुण्यातच."

"मग एकदा घेऊन या ना त्यांना," दादा म्हणाला, आणि माझा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मला त्यांना भेटायचंय."

"मलाही," मी म्हटलं.